न हलणारा रस्ता

७ फेब्रुवारी

धाकट्या,

अनेक आशीर्वाद. इकडे सगळं ठीक आहे, तुझंही ठीक असेल असं धरून चालते. तुझा पत्ता मावशीने दिला. तिच्यावर चिडू नकोस. माझ्यापुढे गप्प बसणं भल्याभल्यांना जमलेलं नाही, ती तर बिचारी मावशी.

थेट कामाचं बोलते. चौदा वर्षांनी पत्र लिहून ताई कॅमेऱ्याबद्दल विचारतेय, याचं तुला हसू येईल. येऊ दे. मला एक वस्तू बनवायची आहे. कॅमेरा घेऊन चाललं तरी चित्र हलू नये, अशी. बाजारात तयार मिळते, पण ती हल्लीच्या फोनांसाठी. माझा फोन अजून बटणांचा आहे, आणि तुझा जुना कॅमेरा तिच्यात बसत नाही. हो, तुझाच. तू खाटेवर ठेवून गेलास, मी उचलून कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवला. चालतो अजून. सायकलवाल्या काकांच्या ओळखीच्या माणसाने बॅटरी बदलून दिली.

आता कशासाठी ते सांगते. आई नोव्हेंबरात न्हाणीघरात पडली. तेव्हापासून खाटेवर आहे. डोकं शाबूत आहे, जीभ तर विचारूच नकोस. पण समोर काहीही हललं की तिला भोवळ येते. पडदा वाऱ्याने हलला तरी डोळे मिटून घेते. पंखा बंद ठेवलाय. आमच्या घरात आता सगळं हळू चालतं. मीसुद्धा दाराआडून सावकाश पुढे येते, पाण्यातून आल्यासारखी. दुपारचं ऊन भिंतीवर येतं आणि तासभर जागचं हलत नाही, तेवढं ती बघत राहते.

अशाच एका दुपारी अर्धवट झोपेत म्हणाली, "चल, उशीर होईल."

"कुठे?"

"कामावर."

मग पुरती जागी झाली आणि लाजली. थोड्या वेळाने भिंतीकडे बघत म्हणाली, "शाळेच्या कोपऱ्यावरचा नळ अजून गळतो का गं? एकदा तो रस्ता बघायला मिळाला असता."

तुला माहीत आहे तो रस्ता. जिना, इस्त्रीवाला, शाळेची लांबच लांब भिंत, नाल्यावरचा लोखंडी पूल, मग ती उतरण, जिच्यावरून कारखान्याचं धुराडं आधी दिसतं आणि गेट मागाहून. बावीस मिनिटं. एकतीस वर्षं ती त्या रस्त्याने गेली, फिरत्या चाकावर कप ठेवून त्याच्या काठाला निळी रेघ ओढायला. आणि एका दिवशी ते थांबलं. ते कसं थांबलं ते आपल्याला दोघांनाही माहीत आहे. आज ते नको.

मी कॅमेरा हातात धरून बावीस मिनिटं चालले आणि घरी येऊन तार टीव्हीला जोडली. जिना संपायच्या आत आई म्हणाली, "बंद कर, ओकारी येईल. हा रस्ता आहे की होडी?"

म्हणून ही खटपट. पडद्याची दांडी घेतली. वर कॅमेऱ्यासाठी भाजी चिरायच्या फळीचा तुकडा, खाली वजनाला लोखंडी वॉशर. मधे काकांनी दोन छोटी बेअरिंगं एकमेकांना आडवी बसवून सांधा केला आणि त्याला सायकलची मूठ लावली. मूठ आपल्या हातात, आणि दांडी आपली आपण उभी. उभी राहते, खांबासारखी! मला वाटलं, जितकं खाली जड तितकं पक्कं, म्हणून एकावर एक अठरा वॉशर चढवले. पण चालायला लागलं की सगळं लंबकासारखं झुलतं. पाऊल टाकलं की झुलतं, थांबलं की जास्तच झुलतं. काका म्हणतात, अजून वजन घाला. मलाही तसंच वाटतं. तरी तू एकदा बघ. चित्र काढून सोबत जोडलंय, मापं लिहिली आहेत. हसू नकोस, चित्रकला तुझी होती.

डॉक्टर येऊन गेले. ते काय, बोलतच असतात.

एवढंच काम होतं. दुसरं काही नाही.

ताई


१९ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं पाकीट मिळालं. पत्र म्हणता येत नाही, कारण त्यात माझंच चित्र परत आलंय, लाल पेनाने दुरुस्त केलेलं. वर नाव नाही, खाली सही नाही. शाळेत चुकीची गणितं मिळायची तशी. मी पाकीट उलटं करून झटकलंसुद्धा, एखादी चिठ्ठी अडकली असेल म्हणून.

पण दुरुस्त्या सगळ्या नीट कळल्या. अठरातले दहा वॉशर तू खोडलेस. उरलेले आठ एका ढिगात न ठेवता तळाशी एक आडवी पट्टी काढून तिच्या दोन टोकांना चार-चार केलेस. सांधा बोटभर खाली आणलास. आणि कडेला लिहिलंस, "आडवं धरून सोडायचं. दोन सेकंदांत उभं." एवढेच तुझे शब्द. चौदा वर्षांत मला मिळालेले तुझे शब्द, मी ते बऱ्याच वेळा वाचले.

माझी दांडी आडवी धरून सोडली तर अर्ध्या सेकंदात धाडकन उभी राहायची आणि मग पलीकडे जायची. मला तोच तिचा गुण वाटत होता. वजन काढत गेले तशी ती शांत होत गेली. आठांवर आल्यावर आडवी सोडली, तर झोपेतून उठणाऱ्या माणसासारखी हळूहळू वर आली आणि थांबली. काका म्हणाले, "हे तर उलटंच निघालं की हो बाई." मी म्हटलं, माझं बरंच काही उलटं निघतंय सध्या.

आता जे लिहायचंय ते लिहिते. पहिल्या पत्रात मी ते टाळलं, हे तू ओळखलं असशीलच.

तुझ्या कॅमेऱ्यात कॅसेट होती. त्या दिवसाचीच. मी ती चौदा वर्षं काढली नाही आणि बघितलीही नाही. नवी कॅसेट घालायला ती बाहेर काढावी लागणार होती, म्हणून आधी लावली. आई झोपलीय असं मला वाटत होतं. गेटसमोरची सभा. रेघवाल्या बायका पुढे बसलेल्या, हातावर निळे डाग. रेघांऐवजी छापील पट्ट्या चिकटवायला लागतील तेव्हा यांनी कुठे जायचं, असं मी विचारतेय. आवाज छान लागला होता, खोटं कशाला बोलू. तू मागून गर्दी घेत होतास, डोकी, पाठी, झेंडे. मग मी बोलायचं थांबवून तुला हाताने पुढे बोलावलं, खाली वाकले आणि तुझ्या कानाशी म्हणाले. अगदी स्पष्ट ऐकू येतं. "चेहरे घे रे. नुसत्या पाठी काय घेतोस? एकेकीचा चेहरा घे."

तू घेतलेस. एकेक, कॅमेरा जागचा न हलवता. आईचाही.

पुढचं कॅसेटमध्ये नाही, ते मला लिहायला हवं. दुसऱ्या दिवशी तू माझ्या सांगण्यावरून त्याची डिस्क काढून दिलीस. ती मी मागण्यांच्या पत्राबरोबर, त्याच लिफाफ्यात घालून, स्वतः मॅनेजरच्या केबिनमध्ये दिली. आम्ही किती जणी आहोत ते बघा, असं मी त्यांना ऐकवलं. त्यांनी बघितलं. एका आठवड्यात अकरा जणींना काढलं, चेहऱ्यांवरून निवडून. आठवी आई.

सगळे विचारायला लागले, चित्रीकरण आत पोचलं कसं? तू कंपनीसाठी कपबश्यांच्या जाहिरातीचं शूटिंग केलं होतंस, तेवढ्यावरून बोट तुझ्याकडे गेलं. आणि मी व्यासपीठावर उभी राहिले. काय म्हणाले ते पुन्हा लिहीत नाही, तुला पाठ असेल. तू पाचव्या रांगेत होतास. एक शब्द बोलला असतास तर मी त्याच जागी संपले असते. तू उठून गेलास. घरी आले तेव्हा खाटेवर कॅमेरा होता.

मी स्वतःला काय सांगत आले ते ऐक. लढा चालू आहे, मी पडले तर लढा पडेल, एका माणसाचं नाव त्यापुढे काय? इतकं चांगलं वाक्य होतं की चौदा वर्षं पुरलं. लढा त्या वर्षीच संपला. वाक्य राहिलं.

कॅसेट संपली. मागे खाटेवरून आवाज आला, "माझे केस किती काळे होते गं."

मी वळले. आई जागी होती. मी म्हटलं, "आई, तू ऐकलंस का ते? मी त्याला काय सांगितलं ते?"

"तेव्हाच ऐकलं होतं. मी पुढेच बसले होते की."

"आणि डिस्क?"

"लिफाफ्याला डिंक मीच लावून दिला होता. वर फुगलेला होता. कागद काय फुगतो होय?"

"मग बोलली का नाहीस? इतकी वर्षं?"

तिने डोळे मिटून घेतले. मला वाटलं, भोवळ आली. पण ती शांतपणे म्हणाली, "तू विचारलंस कधी? तू नेहमी सांगत असतेस. तो गेला त्या रात्री तू मला तासभर सांगत होतीस. मी वाट बघत होते, ही मधे थांबेल. मग मी थकले बाई."

धाकट्या, टीव्हीवर नुसता निळा पडदा होता, आणि त्या उजेडात मी तिची चादर सारखी केली.

माफी मागत नाही. बंद पाकिटात मागितलेली माफी मला पटत नाही, कारण आरोप मी उघड्यावर केला होता. मार्चच्या पहिल्या रविवारी संघटनेची सभा आहे. तेव्हा बघते.

ताई


६ मार्च

धाकट्या,

आशीर्वाद लिहायचा मला हक्क उरलाय की नाही ते तू ठरव. मी सवयीने लिहितेय.

सभा झाली. त्याच सभागृहात, आता छत गळतं म्हणून निम्म्या खुर्च्या एका बाजूला सरकवलेल्या. विषय वेगळा होता. माझी पाळी आली तेव्हा मी माइक बाजूला केला आणि व्यासपीठावरून उतरून खाली उभी राहिले. चेहरे मी घ्यायला लावले, डिस्क मी नेऊन दिली, माझ्या भावाने आत काहीही पोचवलं नव्हतं, आणि हे ठाऊक असून मी त्याचं नाव घेतलं. एवढं बोलायला मला दोन मिनिटं लागली असतील. एकही वाक्य नीट पूर्ण झालं नाही.

अकरातल्या सहा जणी आल्या होत्या. कोपऱ्यातली चष्मेवाली, आईच्या शेजारच्या चाकावर बसायची ती, उठून सरळ बाहेर गेली. ती माझ्याशी पुन्हा बोलेल असं वाटत नाही. रंग कालवायच्या मामी मात्र माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "त्याने काढलेले माझ्या मुलीच्या लग्नाचे फोटो मी भिंतीवरून उतरवले होते. सगळे. चौदा वर्षं पेटीत आहेत."

मी म्हटलं, "मामी, माझ्यामुळे."

"ते कळलं. पुन्हा लावायला आता खिळे शोधायचे." मग जाता जाता वळून, "तुझं आजपर्यंतचं सगळ्यात वाईट भाषण. पण ऐकू आलं बाई."

अध्यक्षांनी ठराव मांडला, की यापुढे मी व्यासपीठावर बसायचं नाही. हात वर झाले. मीही केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रस्ता घ्यायला निघाले. आदल्या संध्याकाळी आईपुढे सराव केला होता, अगदी सावकाश, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. ती बघत होती आणि वैतागत होती. "मूठ आवळू नकोस. कुणाचा गळा धरलायस का?" मग तिने मला जवळ बोलावलं, माझा डावा हात घेतला आणि दांडीवर फक्त दोन बोटं टेकवली, जिथे ती टेकतच नाहीत असं वाटावं. "कपाला रेघ ओढताना ब्रश धरायचा नसतो, ठेवायचा असतो. चाक फिरतं, आपण फिरायचं नाही. आणि श्वास सोडत चाल, कोंडून नको." इतकी वर्षं तिच्याशेजारी राहून हे मी तिला विचारलं नव्हतं.

धुकं होतं. गुडघे थोडे वाकवून, श्वास सोडत चालले. काही वेळाने मला माझीच पावलं जाणवेनाशी झाली. रस्ता माझ्याकडे येत होता, मी फक्त त्याला वाट देत होते. इस्त्रीवाला कोळसे फुंकत होता, तो वर बघून पुन्हा फुंकायला लागला. शाळेची भिंत संपता संपेना. पुलावर धुकं इतकं दाट की खालचा नाला नाहीसा झाला होता, लोखंडी कठडे तेवढे हवेत. कुणीतरी सायकलवरून आलं आणि विरून गेलं. उतरणीवर आधी धुराडं दिसलं, मग त्याच्याखाली हळूहळू गेट उगवलं. आयुष्यभर मी त्या गेटकडे तावातावाने चालत गेले. एवढं सुंदर आहे ते, मला माहीत नव्हतं.

दुपारी आईला उशी लावून बसवलं आणि टीव्ही लावला. मी पडद्याकडे बघत नव्हते, तिच्याकडे बघत होते. डोळे मिटते का, हात तोंडाकडे नेते का. जिना झाला. इस्त्रीवाला झाला. तिचे डोळे उघडे. मग चादरीखाली काहीतरी हललं, आणि मला कळायला वेळ लागला की तिचे पाय आहेत. अगदी थोडे, एकामागून एक.

"डावीकडून चल," ती म्हणाली. "तिथे चिखल असतो."

"चालतेय," मी म्हटलं.

"हा नळ गळतोच आहे. काय माणसं आहेत!" पुलावर तिने एकदा मान हलवली, समोरून कुणी ओळखीचं आल्यासारखी. उतरणीवर तिचा श्वास जरा वाढला. गेट आलं तेव्हा तिने केस मागे सारले. आणि मग चित्र संपलं.

मी डोळे पुसत होते, म्हणून मला तिचा चेहरा लगेच दिसला नाही. ती माझ्याकडे बघत होती, थोडी गोंधळलेली.

"आणि घरी कशी येऊ?"

"काय?"

"अगं, गेटवर आणून सोडलंस. आता परत?"

मी हसले. म्हटलं, "उद्या उलट्या बाजूने घेते, त्यात काय!"

"तू कशाला?" ती म्हणाली, एखाद्या लहान मुलाला समजवावं तशी. "जाताना तू असायचीस. न्यायला तो यायचा. सुट्टीचा भोंगा झाला की गेटच्या समोर, सायकल घेऊन. मी मागे बसायचे, पूल आला की उतरायचे. तुझ्या सभा असायच्या, तुला कुठे माहीत!"

खरंच माहीत नव्हतं, धाकट्या.

डॉक्टर काय बोलले ते मी पहिल्या पत्रात लिहिलं नव्हतं. जानेवारीत ते म्हणाले होते, दोन-तीन महिने धरा. काल म्हणाले, आता आठवड्यांत मोजा. हे मी तुला अडकवायला लिहीत नाही. आईला पुढे करून माणसं बोलवायची ही माझी जुनी रीत होती, व्यासपीठावरून खूप वेळा केलंय. ते आता करणार नाही. नाही आलास तर मी तुला बोल लावणार नाही, मनातसुद्धा नाही. आलास तर माझ्याशी बोलायची सक्ती नाही. मी मागच्या खोलीत राहीन, चहा दाराशी ठेवीन.

कॅमेरा दांडीवर चढवून ठेवलाय. तोल मी दोनदा तपासला, आडवं धरून सोडलं की दोन सेकंदांत उभं राहतं. नवी कॅसेट घातली आहे. सायकलवाल्या काकांकडे मागे बसायला जागा असलेली एक सायकल आहे. उगाचच विचारून ठेवलं.

परतीचा रस्ता मी घेतलेला नाही. घेणारही नाही.

काल संध्याकाळी तिची उशी नीट करायला गेले तर म्हणाली, "तू जा घरी. मी थांबते."

आई गेटवर उभी आहे.

ताई